ज्या भाताला ऐकू आलं: कडा करपा आणि एक्सए२१ रिसेप्टरची केस

दोन वर्षांपूर्वी गणपती गेल्यावर आठवड्याभरात काकांचा फोन आला. बाय, चोंढ्यातल्या भाताची पानं कडेनं पिवळी पडायला लागलीत, दुकानात विचारलं तर खत कमी पडलंय म्हणाले, युरिया टाकला, पण हे थांबायच्या ऐवजी वाढतच चाललंय. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, शेती सगळी काकाच बघतात, त्यामुळे त्यांनी मला फोन करणं म्हणजे त्यांचे स्वतःचे उपाय संपले असा अर्थ. शनिवारी सकाळची गाडी पकडून गेले.

आमचं गाव रायगड जिल्ह्यातलं. भात पोटरीला आलेलं, खाचरात घोट्याएवढं पाणी, आणि बांधावरून बघितलं तर मधल्या दोन खाचरांचा रंगच वेगळा. पान हातात घेतलं तर टोकापासून सुरू होऊन दोन्ही कडांनी खाली उतरणारा पट्टा, खालच्या बाजूला पाणी शोषल्यासारखा, त्याच्यावर पिवळा, आणि अगदी टोकाला पेंढ्यासारखा पांढुरका. हिरव्या-पिवळ्याची हद्द सरळ नव्हती, लाटेसारखी वळत गेली होती. मधली शीर मात्र अजून हिरवी. नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं आख्खी फिकी पडतात, असं कडेकडेनं होत नाही, त्यामुळे बांधावरच मला शंका आली होती, पण काकांना दाखवल्याशिवाय उपयोग नव्हता.

घरी येऊन काचेच्या ग्लासात विहिरीचं स्वच्छ पाणी घेतलं. पान बरोबर हिरव्या-पिवळ्याच्या हद्दीवर ब्लेडनं कापलं, कापलेलं टोक पाण्यात बुडवलं आणि ग्लास पडवीतल्या उजेडासमोर धरून बसले. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नाही, काका उठून जायला लागले, आणि तेवढ्यात कापलेल्या टोकातून एक पांढरट धागा खाली उतरायला लागला, अगदी बारीक, धुरासारखा हलणारा, पाण्यात तळाकडे जाणारा. काकू म्हणाली, अगं हे तर दूध उतरतंय. ते दूध म्हणजे बॅक्टेरिया. पानाच्या ज्या नळ्यांतून पाणी वर चढतं त्या नळ्यांत ते ठासून भरलेले असतात आणि कापल्यावर बाहेर सांडतात. ही चाचणी कुणालाही घरी करता येते, आणि मला वाटतं भात पिकवणाऱ्या प्रत्येक घरात ती माहीत असायला हवी, कारण हा रोग आणि खताची कमतरता यात गल्लत झाली की माणूस नेमका उलटा उपाय करतो. जास्तीच्या युरियानं पान लुसलुशीत होतं आणि हा रोग त्यावर अजून पसरतो.

रोगाचं नाव कडा करपा, जीवाणूजन्य करपाही म्हणतात. बॅक्टेरियाचं नाव झॅन्थोमोनास ओरायझी. पहाटे भाताच्या पानाच्या टोकाला जे पाण्याचे थेंब दिसतात ते दव नसतात, पानानं स्वतः कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर सोडलेलं पाणी असतं. बॅक्टेरिया त्याच थेंबात पोहत त्याच छिद्रांतून आत जातात. दुसरी वाट म्हणजे जखम, वाऱ्यापावसानं पानं एकमेकांवर घासली तरी पुरेसं होतं, आणि लावणीच्या वेळी रोपं उंच झाली म्हणून शेंडे खुडून लावली तर आपण स्वतःच दार उघडून देतो. काकांनी त्या वर्षी शेंडे खुडलेच होते, पाऊस लांबला होता, राबातली रोपं वाढून गेली होती, दुसरा इलाजही नव्हता.

हा रोग जपानमध्ये फुकुओकाच्या शेतकऱ्यांनी १८८४ मध्येच पाहिला होता. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५१ मध्ये, आणि कुठे, तर कुलाबा जिल्ह्यात. कुलाबा म्हणजेच आजचा रायगड, नाव १९८१ मध्ये बदललं. म्हणजे आमच्या खाचरात उभा असलेला हा पाहुणा या जिल्ह्याच्या सरकारदरबारी सत्तर वर्षांहून जुना आहे. हे काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, औषध कुठलं मारू. त्याचं उत्तर वाईट आहे, एकदा नळ्यांत शिरलेल्या बॅक्टेरियाला वरून फवारून हटवेल असं भरवशाचं औषध नाही, अँटिबायोटिक आणि तांब्याचं मिश्रण फवारतात पण त्याचा गुण मर्यादित. आता युरिया बंद करा, शक्य असेल तर खाचरातलं पाणी काढून टाका, या खाचराचं पाणी खालच्या खाचरात सोडू नका, यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. म्हणाले, काही वाणांना हा रोग लागत नाही असं म्हणतात, मग त्यांच्यात असं काय असतं, पान जाड असतं का? 

पान जाड नसतं. त्या वाणाला बॅक्टेरिया आल्याचं कळतं. रोगाला बळी पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या भातात खरा फरक इतकाच आहे, आणि ही केस मी त्यासाठीच लिहितेय, कारण एका प्रोटीनवर हा सगळा फरक कसा उभा राहतो हे भातात फार स्पष्ट दिसतं.

आपल्या रक्तात फिरणाऱ्या पेशी असतात, कुठे काटा टोचला तर त्या तिकडे धावतात. झाडात असं फिरतं कुणी नाही. प्रत्येक पेशी आपल्या भिंतीच्या आत कोंडलेली, तिथेच जन्मते तिथेच मरते. त्यामुळे शत्रू आलाय हे ओळखायचं काम प्रत्येक पेशीला स्वतःच करावं लागतं, आणि त्यासाठी तिच्या पटलावर, म्हणजे मेम्ब्रेनवर, रिसेप्टर प्रोटीन बसवलेली असतात. रिसेप्टरचा एक भाग पेशीच्या बाहेर डोकावतो, एक भाग पटलातून आरपार जातो, एक भाग आत असतो. बाहेरचा भाग कानासारखा, ठरावीक आकाराचा रेणू येऊन बसला तरच त्याला ऐकू येतं. आतला भाग म्हणजे कायनेज, त्याचं काम दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणं. बाहेर रेणू बसला की आतलं कायनेज जागं होतं, ते पुढच्या प्रोटीनवर फॉस्फेट लावतं, ते त्याच्या पुढच्यावर, अशी बातमी हातोहात केंद्रकापर्यंत जाते आणि तिथे बचावाचे जीन चालू होतात. भातात असे कायनेजवाले रिसेप्टर हजाराच्या वर आहेत, त्यातले काही वाढीसाठी, काही हार्मोन ओळखायला, आणि काही पहाऱ्यावर.

त्या पहारेकऱ्यांपैकी एक म्हणजे एक्सए२१, आणि तो आपल्या लागवडीच्या भातात मुळात नव्हताच. तो आला पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातून. तिथे ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा नावाचं जंगली भात उगवतं, जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरणारं, उत्पन्न जवळपास नाही, खायला कुणी पिकवावं असं त्यात काही नाही. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात या भातावर कडा करप्याचे वेगवेगळे प्रकार टोचून बघितले तेव्हा त्याला काहीच होत नाही असं दिसलं. मग फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरदेव खुश यांच्या गटानं या जंगली भाताचा लागवडीच्या भाताशी संकर करायला घेतला, आणि जवळपास बारा वर्षं परत परत संकर करून शेवटी असं भात मिळालं की जे बाकी सगळं साधं पण कडा करप्याला दाद देत नाही. बारा वर्षं म्हणजे एकेका हंगामाची वाट बघत बारा वर्षं, हे मला विद्यार्थ्यांना सांगताना नेहमी थांबून सांगावंसं वाटतं.

जीन कुठला ते मात्र अजून माहीत नव्हतं, फक्त अकराव्या क्रोमोसोमवर कुठेतरी आहे एवढं कळत होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या पामेला रोनाल्ड यांच्या लॅबनं तो शोधून काढला, वेन-युआन साँग पहिले लेखक असलेला पेपर १९९५ च्या डिसेंबरमध्ये सायन्स मासिकात आला. त्यांनी काय केलं तर त्या भागातले डीएनएचे तुकडे तायपेई ३०९ नावाच्या भातात घातले, हा वाण कडा करप्याला लगेच बळी पडतो, आणि मग त्या रोपांना रोग टोचला. टोचायची पद्धत आमच्या शेंडे खुडण्यासारखीच आहे खरं तर, कात्री बॅक्टेरियाच्या पाण्यात बुडवायची, पानाचं टोक कापायचं, आणि पंधरवड्यानं करपलेला पट्टा पट्टीनं मोजायचा. ज्या रोपांत बरोबर तुकडा गेला होता त्यांच्यात पट्टा कापलेल्या जागेजवळच थांबला, बाकीच्यांत तो पानभर खाली उतरला.

त्या तुकड्यातला जीन वाचला तर १,०२५ अमिनो ॲसिडचं, म्हणजे तेवढ्या मण्यांच्या माळेसारखं, प्रोटीन निघालं. बाहेरच्या बाजूला ल्यूसिन या अमिनो ॲसिडनं भरलेल्या एकसारख्या २३ घड्या, त्या मिळून नालेसारखा वाकलेला आकार होतो, मध्ये पटलातून जाणारा तुकडा, आणि आत कायनेज. म्हणजे कान आणि हात एकाच प्रोटीनमध्ये. १९९५ मध्ये हे फार मोठं होतं. माणसाच्या शरीरात बॅक्टेरिया ओळखणारे टोल रिसेप्टर नंतरच्या दोन-तीन वर्षांत स्पष्ट झाले, त्या कामाला २०११ चं नोबेल मिळालं, आणि त्यांची बाहेरची घडण एक्सए२१ सारखीच, ल्यूसिनच्या घड्यांची. झाडं आणि प्राणी इतक्या लांबचे, तरी शत्रू ओळखायला दोघांनी एकाच तऱ्हेचा कान वापरला. २००० मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात एफएलएस२ सापडला, तो बॅक्टेरियाच्या शेपटीतल्या प्रोटीनचा २२ अमिनो ॲसिडचा तुकडा ओळखतो, आणि तिथून हे क्षेत्र खूप वेगानं पुढे गेलं.

कान सापडला, पण त्याला ऐकू काय येतं हे कुणालाच माहीत नव्हतं. या प्रश्नाला वीस वर्षं लागली, आणि त्या वीस वर्षांत एक मोठी चूक झाली.

आधी एक धागा हाताला लागला होता. बॅक्टेरियातले काही जीन बिघडवले की एक्सए२१ असलेल्या भातालाही रोग लागतो, म्हणजे भाताला ऐकूच येत नाही. त्यातला एक जीन रॅक्सएसटी, हा एक एन्झाईम बनवतो, आणि तो एन्झाईम प्रोटीनमधल्या टायरोसीन या अमिनो ॲसिडवर सल्फेट चिकटवतो. म्हणजे भात जे काही ओळखतं त्याच्यावर सल्फेट असणार, इथपर्यंत बरोबर होतं. २००९ मध्ये रोनाल्ड यांच्या लॅबनं सायन्समध्ये लिहिलं की तो रेणू सापडला, त्याचं नाव एएक्स२१. जगभर त्याचा उल्लेख व्हायला लागला, शिकवलाही जायला लागला. मीही वर्गात फळ्यावर एएक्स२१ लिहून बाणानं एक्सए२१ ला जोडलेलं आहे.

मग लॅबमध्ये नवी माणसं आली, रोरी प्रुइट आणि बेंजामिन श्वेसिंगर, आणि त्यांनी जुनाच प्रयोग पुन्हा करायला घेतला तर तो होईना. एकदा नाही, परत परत होईना. अशा वेळी नवीन माणसालाच वाटतं की आपलंच कुठेतरी चुकतंय, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला तसंच सांगितलंही जातं. इथे तसं झालं नाही. त्यांनी फ्रीझरमधल्या बॅक्टेरियाच्या साठ्यापासून सगळं तपासायला सुरुवात केली आणि कळलं की एका महत्त्वाच्या स्ट्रेनवर, म्हणजे बॅक्टेरियाच्या एका ठरावीक वंशाच्या नळीवर, चुकीचं लेबल होतं, नळीवर लिहिलंय एक आणि आत भलतंच. शिवाय एएक्स२१ चा पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, वापरून केलेली चाचणी एकदा एक तर एकदा दुसरं उत्तर देत होती. २०१३ मध्ये आधी २०११ चा एक पेपर आणि मग २००९ चा सायन्समधला पेपर, दोन्ही लॅबनं स्वतःहून मागे घेतले, आणि काय चुकलं ते रोनाल्ड यांनी जाहीरपणे लिहिलं.

या केसमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. एका नळीवरचं लेबल. ज्यांनी कधी लॅबमध्ये काम केलंय त्यांना माहितीये, मार्करनं लिहिलेलं अक्षर उणे ऐंशी अंशाच्या फ्रीझरमध्ये पुसट होतं, कोणीतरी घाईत दुसऱ्या नळीत काढून ठेवतं, आणि त्यावर पुढची पाच वर्षं पाच माणसं मनापासून काम करतात. मी तेव्हापासून आमच्या छोट्या प्रॅक्टिकल लॅबमध्येही पोरांना प्रत्येक कल्चर वापरायच्या आधी ओळख पटवून घ्यायला लावते. आणि फळ्यावर जाऊन सांगितलं की मी मागच्या वर्षी शिकवलेला बाण खोडा.

खरा रेणू २०१५ मध्ये सापडला, त्याच लॅबला, आणि प्रुइट त्याच्या पहिल्या लेखकांपैकी. तो रॅक्सएसटीच्या अगदी शेजारी बसला होता. इतका छोटा जीन की आधी कुणी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, त्यातून फक्त ६० अमिनो ॲसिडचं प्रोटीन होतं, नाव रॅक्सएक्स. त्यातल्या ४१ व्या जागेवरच्या टायरोसीनवर रॅक्सएसटी सल्फेट लावतो, आणि त्या सल्फेटसकट तो बाहेर पडला की एक्सए२१ ला ऐकू येतं. सल्फेट नसेल तर नाही. सल्फेटवाला २१ अमिनो ॲसिडचा तुकडा नुसता पानाच्या तुकड्यांवर घातला तरी एक्सए२१ चं भात खवळतं, तेही बॅक्टेरिया मुळीच नसताना. नंतर २०१९ मध्ये दोघं थेट एकमेकांना चिकटतात हेही दाखवलं गेलं.

आता बॅक्टेरिया ही खूण अंगावर घेऊन का फिरतो, ज्यानं आपण पकडले जाऊ ती वस्तू टाकून का देत नाही? कारण रॅक्सएक्सचा चेहरा झाडाच्या स्वतःच्या एका हार्मोनसारखा आहे. झाडात पीएसवाय नावाचे छोटे पेप्टाइड असतात, त्यांच्यावरही सल्फेटवाला टायरोसीन असतो, आणि ते पेशींना वाढायला सांगतात. रॅक्सएक्स दिल्यावर मुळं लांब वाढतात असं प्रयोगात दिसलं. म्हणजे हा बॅक्टेरिया झाडाच्याच घरच्या माणसाचा आवाज काढून दार उघडायला लावतो. आणि एक्सए२१ चं कौतुक असं की तो नकली आवाज ओळखतो पण खऱ्या हार्मोनला, पीएसवायला, काहीच प्रतिसाद देत नाही. दिला असता तर झाड स्वतःच्याच वाढीवर रोज हल्ला करत बसलं असतं. आजीला पडवीतून हाक आली की घरचा कोण आणि आवाज काढणारा कोण हे बरोबर कळायचं, मला ते नेहमी आठवतं.

ऐकू आल्यावर आत काय होतं ते थोडं सांगते, सगळं सांगायचं तर जागा पुरणार नाही. शांत असताना एक्सए२१ च्या आतल्या भागाला एक्सबी२४ नावाचं प्रोटीन धरून ठेवतं, ते त्याला झोपवून ठेवतं म्हणा. बाहेर रॅक्सएक्स बसला की एक्सबी२४ सुटतं. एक्सए२१ एकटा काम करत नाही, ओएससर्क२ नावाचा जोडीदार रिसेप्टर सोबत लागतो, तो नसेल तर बचाव ढिला पडतो. मग फॉस्फेटची साखळी सुरू होते, पेशी ऑक्सिजनचे जळजळीत रेणू बाहेर सोडते, इथिलिन वायू तयार होतो, बचावाचे जीन चालू होतात. काम झालं की एक्सबी१५ नावाचं प्रोटीन फॉस्फेट काढून घेतं आणि आवाज बंद होतो. हे बंद करणं चालू करण्याइतकंच गरजेचं आहे. सतत भांडत राहणारं झाड दाणा भरू शकत नाही, बचावाला लागणारी साखर आणि दाण्याला लागणारी साखर एकाच कोठारातून येते. अजून एक, २०१२ मध्ये असं दिसलं की एक्सए२१ चा आतला तुकडा कापला जाऊन थेट केंद्रकात जातो, म्हणजे निरोप्यावर न सोडता कधी कधी हा स्वतःच आत जाऊन सांगतो.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं (एवढ्या तपशिलात नाही, पण कानाची आणि नकली आवाजाची गोष्ट त्यांना पटली) आणि म्हणाले, मग तो आवाज बदलेल की. हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. एक्सए२१ ला चकवणारे बॅक्टेरिया सापडलेत, त्यातल्या बऱ्याच जणांत रॅक्सएक्सचा जीनच थोडा बदललेला आहे. आवाज तोच काम करतो पण कान फसतो. शिवाय एक्सए२१ ची एक अडचण आहे, अगदी कोवळ्या रोपात तो पूर्ण ताकदीनं चालत नाही, रोप मोठं झालं की मगच नीट राखण करतो. आणि लावणीनंतर रोपच्या रोप कोमेजवणारा या रोगाचा जो प्रकार आहे तो नेमका कोवळ्या वयातच येतो.

म्हणून एकट्या कानावर भरवसा ठेवायचा नाही, आणि इथे भारतातलं काम आपल्या उपयोगाचं आहे. हैदराबादची भात संशोधन संस्था आणि सीसीएमबी, म्हणजे पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्र, यांनी मिळून सांबा महसुरी या वाणात तीन जीन एकत्र आणले, सुधारित सांबा महसुरी २००८ मध्ये आली. आर. एम. सुंदरम, रमेश सोंटी आणि त्यांच्या सोबतच्या लोकांचं हे काम. त्याच सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं पुसा बासमती १ मध्ये दोन जीन आणले. हे जीएम, म्हणजे लॅबमध्ये बाहेरचा जीन घातलेलं पीक, नाही, लोक लगेच तसं समजतात म्हणून मुद्दाम सांगते, साधा संकर केला, परत परत मूळ वाणाशी संकर केला, आणि प्रत्येक पिढीत कुठल्या रोपात हवा तो जीन आलाय हे डीएनए तपासून निवडलं. बारा वर्षं डोळ्यांनी निवडत बसण्याच्या ऐवजी पानाचा छोटा तुकडा पुरला.

तीन जीनची निवड मला फार हुशारीची वाटते, कारण तिघं तीन वेगळ्या ठिकाणी आडवे येतात. एक्सए२१ म्हणजे कान. दुसरा एक्सए१३. बॅक्टेरिया पेशीत सुईसारख्या नळीनं स्वतःचं प्रोटीन टोचतो, ते थेट केंद्रकात जाऊन स्वीट नावाच्या कुटुंबातला साखरेचा नळ उघडणारा जीन चालू करतं, आणि पेशीतली साखर बाहेर बॅक्टेरियाच्या तोंडी जाते. एक्सए१३ असलेल्या भातात त्या जीनच्या आधीची डीएनएची पाटी बदललेली असते, बॅक्टेरियाच्या प्रोटीनला ती वाचताच येत नाही, नळ बंद राहतो. तिसरा एक्सए५, तो अजून आतला. जीन चालू करायला पेशी जी यंत्रणा वापरते तिच्यातला एक छोटा भाग बदललेला, पेशीचं स्वतःचं काम चालतं पण बॅक्टेरियाच्या प्रोटीनला त्या यंत्रणेला धरून काम करून घेता येत नाही. म्हणजे एक ओळखतो, दुसरा जेवण देत नाही, तिसरा घरातली अवजारं वापरू देत नाही. बॅक्टेरियाला तिघांना एकदम चकवायचं तर तीन ठिकाणी बदलावं लागेल, आणि रॅक्सएक्समध्ये केलेला बदल साखरेच्या नळाला काहीच कामाचा नाही. २०१९ मध्ये जीन एडिटिंगनं एकाच भातात स्वीट जीनच्या अनेक पाट्या एकदम बदलूनही दाखवल्या गेल्यात.

मालीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जीन सापडल्यावर त्याच्या पेटंटमधून पैसे आले तर त्यातला वाटा ज्या देशातून ते जंगली भात आलं तिथल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी जावा म्हणून डेव्हिसमध्ये १९९० च्या दशकात एक फंड काढला होता. कल्पना अतिशय योग्य होती. पण ज्या कंपन्यांनी रस दाखवला होता त्यांनी पुढे वाण काही बाजारात आणला नाही आणि रॉयल्टीचे पैसे असे आले नाहीत. ज्यांच्या दलदलीत हे भात उभं होतं त्यांच्यापर्यंत काय पोचलं याचा विचार मला या केसमध्ये दरवेळी टोचतो.

आमच्या खाचरांचं सांगायचं तर त्या वर्षी दोन्ही खाचरांत लोंब्या आल्या पण दाणे बरेच पोचट राहिले, पेंढाही गुरांनी मनापासून खाल्ला नाही. पुढच्या वर्षी काकांनी शेंडे न खुडता लावणी केली, त्यासाठी राब दोन टप्प्यांत टाकला म्हणजे पाऊस पुढेमागे झाला तरी एका टप्प्याची रोपं बरोबर वयाची मिळतात. युरिया एकदम न टाकता तीन वेळा थोडा थोडा. सुधारित सांबा महसुरीचं बियाणं मिळवून चोंढ्यातल्या एकाच खाचरात लावून बघितलं, सगळीकडे नाही, कारण तो १३५ दिवसांच्या पुढचा गरवा वाण, पाणी टिकणाऱ्या जागेतच बसतो, वरच्या हळव्या खाचरांत पाऊस गेला की तो उभ्यानं सुकेल. तिथे कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा हळवा, लवकर तयार होणारा, वाणच ठेवला.

सप्टेंबरमध्ये गेले तेव्हा काका मला बांधावर घेऊन गेले. शेजारच्या शेतातून आलेला करपा आमच्या बांधापर्यंत पोचला होता, आणि सुधारित सांबाच्या खाचरातही काही पानांच्या टोकाला पिवळं दिसत होतं. त्यातलं एक पान मी तोडून घेतलं. बोटभर पिवळा पट्टा, त्याच्या खाली एक बारीक तपकिरी रेघ, आणि रेघेच्या खाली पान स्वच्छ हिरवं. काकांनी खिशातून ब्लेड काढलं, पान त्या रेघेच्या खाली हिरव्यात कापलं, आणि घरी जाऊन ग्लास स्वतःच पडवीत उजेडासमोर धरून बसले. दहा मिनिटं बसले. पाणी तसंच स्वच्छ होतं.